उतारावरची बोट

सोसायटीच्या आमसभेत ठराव झाला तो असा: येत्या रविवारी मही नदीच्या काठावर बोट सोसायटीच्याच माणसांनी पाण्यात घालावी, एक फेरी मारावी आणि परत ट्रेलरवर चढवून दाखवावी, हे सगळं अर्ध्या तासात. जमलं तर बोट राहील, नाही जमलं तर विकून टाकू. नर्मदेकाठी नौकाविहार चालवणारा एक गृहस्थ ती घ्यायला टपूनच बसला होता.

बाहेरच्याला वाटेल, हा पुराचा विचार चालला आहे. तसं काही नव्हतं. विचार पार्किंगचा होता. चोवीस सालच्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी सोसायटीत शिरली, विजेच्या मीटरांपर्यंत चढली, चार दिवस ठाण मांडून बसली, आणि ती गेल्यावर सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की आपली स्वतःची बोट पाहिजे. चौदा फुटी फायबरची बोट आली, तिच्या मागे लावायचं इंजिन आलं. पुढच्या पावसाळ्यात नदी शहाण्यासारखी आपल्या काठात राहिली आणि उत्साह ओसरला. बोट दोन मोटारींची जागा अडवून उभी. मुलं तिच्यात चढून चाचे-चाचे खेळायची. उन्हाळ्यात कुणीतरी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या, तेव्हा तर ही बोट आहे हेच बहुतेकांच्या ध्यानातून गेलं.

ध्यानात होतं ते हेरंबरावांच्या. हेरंबराव त्रेसष्ट वर्षांचे, एका कारखान्याच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झालेले. ट्रेलर त्यांनीच स्वतः आकृती काढून गोरव्याच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतला होता, रोज दुपारी तिथे उभं राहून. दर पंधरा दिवसांनी ते बोटीचं इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करत, चाकांना ग्रीस भरत. लोक म्हणत, हेरंबरावांना नाद आहे. निवृत्त माणसाला काहीतरी नाद असावा, असं म्हणून लोक ते सोडूनही देत.

नाद वगैरे काही नव्हता. त्यांच्या पत्नीच्या, अहल्याबाईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी नदीपलीकडच्या इस्पितळात चार-चार तास डायलिसिस. हे सोसायटीत कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होता कामा नये, अशी अहल्याबाईंची सक्त ताकीद होती. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कीव करून घेण्याची त्यांना सवय नव्हती. भेटायला येणारे लोक आधी आपल्याला मनातल्या मनात पोचवून येतात आणि मग चहा पितात, असं त्यांचं मत होतं. जावेच्या आजारपणात त्यांनी ते पाहिलं होतं.

आता गंमत अशी की मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. बाई तीन दिवस नेमाने सकाळी बाहेर पडते, दुपारी थकून येते, कुणाच्या घरी सरबत दिलं तर घेत नाही, फळाला हात लावत नाही, म्हणजे कडक उपास आणि देवळातली सेवा, दुसरं काय? कुणी विचारलंही नाही. सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. अहल्याबाईंनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण सोसायटीत त्यांच्याइतकी भाविक बाई दुसरी नव्हती. शनिवारी सकाळी कुणी ना कुणी मारुतीला वाहण्यासाठी त्यांच्या हाती नारळ द्यायचं. डायलिसिस विभागातल्या नर्सबाईंना दोन वर्षांत नारळ विकत आणावा लागला नव्हता.

पुराच्या वेळी मंगळवार चुकला. बुधवारी सकाळी बचाव पथकाची बोट गल्लीत आली, हेरंबरावांच्या खिडकीखाली थांबली आणि बोटीतल्या जवानाने ओरडून विचारलं, "कोई बीमार है? दो सीट खाली है!" हेरंबरावांनी वळून अहल्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली: नाही. शेजारच्या गच्चीवर उदयसिंहराव आणि त्यांच्या पत्नी इंदिराबाई असे दोघे उभे होते. ते अठ्ठ्याहत्तरचे, त्या वॉकरवाल्या. हेरंबराव म्हणाले, "काकासाहेबांना घ्या, काकूंना घ्या." बोट भरली आणि गेली. ती काही परत आली नाही. गुरुवारही चुकला. पाणी उतरून शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅक्टर मिळाला तेव्हा अहल्याबाईंचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि त्यांना आडवं पडून श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर आणू नका म्हणून सांगितलं असतं.

तेव्हा बोट राहणं हेरंबरावांना किती गरजेचं होतं, हे सांगायला नको. हे त्यांना आणि अहल्याबाईंना, दोघांनाच माहीत होतं.

रविवारी सकाळी आठला मंडळी सिंधरोटला महीच्या काठावर जमली. वाळूच्या ट्रॅक्टरांसाठी कुणीतरी कधीकाळी काँक्रीट ओतून केलेला एक उतार तिथे पाण्यात जातो. बोट ओढून आणली सलीलच्या जीपने. सलील म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरीला; ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे शिकायला त्याने चार दिवस घालवले होते आणि सोसायटीची एक कुंडी फोडली होती. अहल्याबाईही जीपमधून आल्या होत्या. बाभळीच्या सावलीत त्यांना खुर्ची दिली होती आणि शेजारी इंदिराबाई बसल्या होत्या.

हेरंबराव कामाला लागले. बोटीच्या मागे तळाशी एक भोक असतं, आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. त्याचं बूच त्यांनी घट्ट बसवलं. मागचे पट्टे सोडले. इंजिन वर उचलून अडकवलं. पुढच्या टोकाला दोर बांधला. आता राहिला होता फक्त हूक. ट्रेलरच्या पुढच्या खांबावर हाताने फिरवायची एक चरखी असते, तिच्यावर गुंडाळलेला पट्टा, पट्ट्याच्या टोकाला हूक, आणि तो बोटीच्या नाकातल्या कडीत अडकवलेला. बोट रबरी रुळांवर बसलेली असते. उतारावर तिला धरून ठेवतो तो हा एकच हूक. तो सोडायचा बोटीचा मागचा भाग पाण्यात तरंगायला लागल्यावर, त्याआधी नाही. हेरंबरावांनी हे सलीलला इतक्या वेळा सांगितलं होतं की तो झोपेतही म्हणाला असता.

पण सोसायटीत नयनाबेनही होत्या. सांस्कृतिक कार्यक्रम त्यांच्याकडे, आणि त्यांच्या हाती काही दिलं की त्याचा समारंभ होतोच. बोटीचं जलावतरण म्हटल्यावर पूजा आली, हार आला, पेढे आले, आणि अर्थात शुभहस्ते आले. शुभहस्ते म्हणजे उदयसिंहरावच. ते सोसायटीचे अध्यक्ष, आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. आजही त्यांचे बूट आरशासारखे चकाकत. फीत कापायची तर बोटीला फीत बांधणार कुठे? नयनाबेननी हूक पाहिला आणि त्यांना तो फारच पसंत पडला.

"काकासाहेब हूक सोडतील, आपण टाळ्या वाजवू, मग सलील गाडी मागे घेईल. बरोबर ने?"

"हूक खाली गेल्यावर सोडायचा असतो," हेरंबराव म्हणाले.

"खाली शेवाळ आहे, हेरंबभाई. काकासाहेबांना काय चिखलात उतरवायचं?"

ते तर शक्यच नव्हतं. हेरंबराव उदयसिंहरावांजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काकासाहेब, हूक जरा राहू दिला असता तर..."

"हो हो," उदयसिंहराव म्हणाले आणि त्यांनी हूक सोडला.

टाळ्या झाल्या. हेरंबरावांनी मनाशी ठरवलं, फोटो झाला की आपण गुपचूप परत अडकवू. मोठ्या माणसाने सोडलेला हूक त्याच्या देखत कसा अडकवायचा? तेवढ्यात इंदिराबाईंनी पाठवलेला पेढ्यांचा डबा त्यांच्यासमोर आला. त्यांनी एक उचलला, तर "दोन घ्या" म्हणून कुणीतरी दुसऱ्या हातातही एक ठेवला. त्यांचे दोन्ही हात अडकले, आणि जीपमध्ये बसलेल्या सलीलला टाळ्या हाच इशारा सांगितला होता. जीप मागे निघाली.

हेरंबराव "थांब!" म्हणून ओरडले. नको तेव्हा ओरडले. सलीलने दचकून ब्रेक दाबला, ट्रेलर जागच्या जागी थांबला आणि बोट थांबली नाही. ती रुळांवरून सरसर मागे आली, पाणी दोन हात लांब असताना तिचं बूड धाडकन काँक्रीटवर आदळलं, आणि मागोमाग नाकही खाली आलं. हार मात्र जागेवर होता.

कुणाला लागलं नव्हतं. सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं, मी आधीच सांगितलं होतं. कुणी पेढ्याचा डबा बंद केला. नयनाबेननी घड्याळ पाहिलं, कारण अर्धा तास चालू झाला होता.

"झालं ते झालं," उदयसिंहराव म्हणाले. "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, हेरंबराव. सलील, त्या नर्मदेवाल्याला उद्या फोन करून टाका."

माना हलल्या. दोन मोटारींची जागा मोकळी होणार म्हणून काही जरा जास्तच हलल्या.

हेरंबराव बोटीशेजारी आडवे झाले, तळाला हात फिरवत गेले, बोटांनी ठोकून पाहिलं. मग कपडे न झटकताच उठले.

"काही झालेलं नाही. रंग खरवडलाय वीतभर. इंजिन वर होतं, ते वाचलं."

"मग ती पडली कशी?" उदयसिंहरावांनी विचारलं.

हेरंबरावांनी आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याला तोंडावर चूक म्हटलं नव्हतं. कारखान्यात आगीशी गाठ होती, तिथे ते साहेबावरही ओरडत. पण घराच्या आणि सोसायटीच्या दारात आले की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

"पडली, कारण हूक तुम्ही वर सोडलात," ते म्हणाले. "तो पाण्यात गेल्यावर सोडायचा असतो. मला माहीत होतं. मी नीट बोललो नाही. पेढा घेत बसलो."

कुणीतरी पेढ्यावर हसलं आणि लगेच खोकलं. उदयसिंहरावांचा चेहरा लाल झाला. ते तुसडे नव्हते, पण त्यांना कुणी असं बोललेलं गेल्या चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

"असं. बरं. चूक माझी. पण मला एक सांगा, हेरंबराव, एवढं काय अडलंय तुमचं या बोटीवाचून? एवढा पूर आला, आपल्या सोसायटीत कोण दगावलं? सगळे धडधाकट निघालो ने?"

हेरंबरावांनी सावलीकडे पाहिलं. अहल्याबाई ताठ बसल्या होत्या, नजर थेट त्यांच्यावर. तो चेहरा ते छत्तीस वर्षं ओळखत होते. एक शब्दही बोलायचा नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि त्या चेहऱ्याविरुद्ध ते आजवर कधी गेले नव्हते.

"अहल्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत," ते म्हणाले. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. इस्पितळ नदीपलीकडे आहे."

इंदिराबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे देवळात..."

"देवळात नाही, काकू."

इंदिराबाईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. अहल्याबाई आता नदीकडे बघत होत्या. त्यांना तिथून उठून जावंसं वाटत असणार, पण जायला जागा नव्हती. समोर पाणी आणि मागे सगळी सोसायटी.

उदयसिंहराव मात्र हिशेब लावत होते. चेहऱ्यावर दिसत होतं. "पुरात मंगळवार चुकला असेल," ते म्हणाले.

"हो. गुरुवारही."

"बुधवारी बोट आली होती."

"हो."

"दोन जागा होत्या."

"हो, काकासाहेब."

उदयसिंहराव एका दगडावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला वाकून नाड्या सोडायला बराच वेळ लागतो. मदत करायची कुणाची छाती झाली नाही. बूट काढून त्यांनी मोजे त्यात खोचले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते शेवाळ चुकवत उतारावरून खाली जाऊन पाण्यात उभे राहिले.

"नयनाबेन, घड्याळ परत लावा," ते म्हणाले. "हेरंबराव, मी काय करू ते सांगा. मोठ्याने सांगा."

हेरंबरावांनी मोठ्याने सांगितलं. सलीलने ट्रेलर मागे घेऊन बोटीच्या नाकाशी आणून टेकवला. सहा जणांनी नाक उचलून शेवटच्या रुळावर ठेवलं, हूक अडकवला आणि चरखी फिरवत बोट कटकट करत वर चढवली. मग जीप हळूहळू मागे गेली, ट्रेलरची चाकं बुडली, बोटीचं बूड पाण्यावर किंचित उचललं गेलं. "बस!" सलीलने हँडब्रेक ओढला. चाकांमागे लाकडी ठोकळे लागले. हेरंबराव पोटरीभर पाण्यात जाऊन खांबाशी उभे राहिले, त्यांनी हूक सोडला आणि बोटीच्या नाकाला एका हाताने ढकललं. ती अशी निघाली की जणू तिला वाटच पाहायला लावली होती. दोराचं टोक उदयसिंहरावांच्या हातात होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

हेरंबराव दोर आत घेऊन बोटीत चढले, इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. हेरंबरावांनी नदीत एक मोठी गोल फेरी मारली. पाण्यावरून त्यांना सगळी मंडळी काठावर उभी दिसत होती आणि सावलीतली एक खुर्चीही. त्यांना हायसं वाटलं आणि तितकीच लाजही वाटली. दिलेला शब्द त्यांनी तीसेक माणसांसमोर मोडला होता.

परत आणताना त्यांनी वेग कमी केला, बोटीचं नाक बुडालेल्या रुळांच्या मधोमध धरलं आणि ती हलकेच आत सरकली. सलीलने हूक अडकवून चरखी फिरवली. इंजिन वर उचललं, जीपने बोट बाहेर ओढली, वर सपाटीवर आल्यावर हेरंबरावांनी बूच काढलं आणि आतलं पाणी धारेने वाहून गेलं. पट्टे बांधून झाले तेव्हा नयनाबेन म्हणाल्या, "एकवीस मिनिटं." बोट विकायचा विषय तिथेच संपला. कुणी पार्किंगचं नावही काढलं नाही.

अहल्याबाईंच्या खुर्चीभोवती बायकांनी कोंडाळं केलं होतं. एकीने डभोईच्या कुठल्या वैद्याचं नाव सांगितलं. एकीने त्यांचा हात हातात घेऊन नारळपाणी पीत जा म्हणून सांगितलं. किडन्या गेल्यावर नारळपाणी त्यांना विषासारखं होतं. अहल्याबाई सगळ्यांना "हो" म्हणत होत्या. इंदिराबाई नुसत्या रडत होत्या.

परतताना जीपमध्ये पुढे सलील, मागे हे दोघं. अहल्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. भायलीच्या अलीकडे हेरंबरावांनी गाडी थांबवायला लावली. बुडालेली चाकं धावायला लागली की तापतात का ते पाहायचं असतं. त्यांनी उतरून दोन्ही चाकांच्या मध्याला हात लावून पाहिला. कोमट होती. सलील टपरीवर चहा सांगायला गेला. हेरंबराव येऊन अहल्याबाईंच्या खिडकीशी उभे राहिले.

"रागावलीस?"

"हो."

"मी शब्द मोडला."

"मोडलात. आता सगळ्या जणी येतील. फळं घेऊन येतील. पण मी त्यावर रागावलेले नाही."

"मग?"

अहल्याबाईंनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"त्या बुधवारी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी नाही म्हटलं. मी नाहीच म्हणणार होते, माझा स्वभावच तो. रात्री श्वास लागायचा तेव्हा मी तुमच्या पाठीकडे बघत विचार करायची, की यांना माझं नाही म्हणणं इतकं खरं कसं वाटलं? आज बोललात ना, सगळ्यांच्या देखत, माझं न ऐकता? ते तेव्हा करायचं होतं, अहो."